आलेखाला दुसरा उभा अक्ष का नव्हता? – आर आणि जीजीप्लॉट-२ ची पार्श्वभूमी

आर ही आकडेवारी हाताळण्याची आणि आलेख काढण्याची संगणकभाषा. ती शिकायला येणारा माणूस बहुधा एक्सेल वापरून आलेला असतो. स्तंभालेख जमतो, रेषालेख जमतो, रंगही मनासारखे बदलता येतात. मग तो पाऊस आणि तापमान एकाच चित्रात दाखवायला जातो आणि अडतो. डावीकडे मिलिमीटर, उजवीकडे अंश सेल्सिअस, ही एक्सेलमधली दोन-चार क्लिकची गोष्ट. जीजीप्लॉट-२ या आरमध्ये आलेख काढण्याच्या जोड-साधनात (पॅकेजमध्ये) मात्र ती कितीतरी वर्षं नव्हती, आणि नव्हती ती मुद्दाम.

आधीचा इतिहास थोडक्यात. १९७६ मध्ये न्यू जर्सीतल्या एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत ‘एस’ ही संख्याशास्त्राची भाषा जन्मली. तिच्या धर्तीवर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमधल्या दोन प्राध्यापकांनी आर लिहायला घेतली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी १.० ही आवृत्ती निघाली. तिची मूळ आलेखपद्धत कागद-शाईची आहे. उमटलेली रेघ पुसता येत नाही, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पण त्या पद्धतीत आडकाठी कसलीच नव्हती. एका आलेखावर दुसरा चढवा, उजवीकडे हवा तो अक्ष ओढा, कोणी विचारणार नाही. विभाजित वर्तुळसुद्धा काढता येतं; फक्त त्या आज्ञेच्या मदतपानावरच, माहिती दाखवण्याची ही फार वाईट रीत आहे, असं बजावलेलं आहे! त्यामागे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांसारखं काम आहे: एकाच मोजपट्टीवरची जागा डोळा नेमकी वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ वाचताना फसतो.

२००७ मध्ये आलेलं जीजीप्लॉट-२ वेगळ्या स्वभावाचं निघालं. आलेखांचं ‘व्याकरण’ मांडणारा एक ग्रंथ १९९९ मध्ये निघाला होता. आयोवातल्या एका न्यूझीलंडच्या संशोधक विद्यार्थ्यानं तो विचार आरमध्ये उतरवला. आलेखाचे प्रकार पाठ करायचे नाहीत. तक्त्यातला कोणता रकाना आडव्या अक्षावर, कोणता उभ्यावर, कोणता रंगाला, एवढं सांगायचं आणि थर अधिकच्या चिन्हानं जोडत जायचे. (त्या चिन्हावर नवशिके आजही चिडतात. माहिती पुढे सरकवणारा ‘पाइप’ आरच्या जगात रुळला २०१४ पासून, आणि भाषेच्या गाभ्यात आला २०२१ च्या मे महिन्यात. तोवर अधिकचं चिन्ह इतकं पक्कं बसलं होतं की ते हलवणं शक्य नव्हतं. म्हणून कोडच्या एकाच तुकड्यात वर पाइप, खाली अधिक.)

व्याकरण म्हटलं की काही वाक्यं अशुद्ध ठरणारच. दोन स्वतंत्र उभे अक्ष हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. मूळ लेखकानं २०१० मध्ये जाहीरपणे सांगितलं की अशा आलेखांचा पायाच सदोष आहे, म्हणून ही सोय दिलेली नाही. कारणं साधी होती. चित्रातल्या बिंदूवरून आकडा काढायचा तर तो कोणत्या अक्षावर वाचायचा, हे बिंदू स्वतः सांगत नाही. मोजपट्ट्या सरकवून दोन रेषा हव्या तिथे एकमेकींना छेदायला लावता येतात. आणि दोनच अक्ष का, तीन किंवा दहा का नकोत?

यातला दुसरा मुद्दा कोणालाही पटावा. कोविडच्या काळात रुग्णसंख्या आणि मृत्यू एका चौकटीत बसवणारे आलेख आपण इतके पाहिले की त्या रेषांच्या चढउतारातलं किती खरं आणि किती मोजपट्टीचं, हे विचारायचंच राहून गेलं.

पण भूगोलवाल्यांवर या नियमानं अन्याय केला, हेही तितकंच खरं. शाळेच्या वहीत आपण पाऊस स्तंभांनी आणि तापमान रेषेनं एकाच चौकटीत काढतो. हवामानशास्त्रात तर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी रूढ केलेला संकेत आहे: तापमानाचे १० अंश आणि पावसाचे २० मिलिमीटर एकाच उंचीवर. पावसाची रेषा तापमानाच्या खाली गेली की तो काळ कोरडा. इथे अक्ष मनमानी नाहीत, त्यांचं प्रमाण ठरलेलं आहे. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. या हिशेबानं उजवा अक्ष ४०० अंशांच्या वर न्यावा लागेल! म्हणून १०० मिलिमीटरच्या पुढे मोजपट्टी दहापट आखडतात. ही सगळी गणितं चोख आहेत, तरी ती करणाऱ्याला वर्षानुवर्षं दोन आलेख वेगळे काढून, त्यांचे तुकडे हातानं एकमेकांवर बसवावे लागत.

नोव्हेंबर २०१६ मधल्या २.२.० आवृत्तीत दार किलकिलं झालं. त्या वर्षी इंटर्न म्हणून आलेल्या एका डॅनिश तरुणानं त्या आवृत्तीचं बरंचसं काम केलं. दुसरा अक्ष मिळाला, पण अटीवर: तो पहिल्या अक्षाचंच रूपांतर असला पाहिजे, आणि उलट हिशेब करता आला पाहिजे. मिलिमीटरचे इंच चालतील, हवामानाचा वरचा संकेतही चालेल. दोन असंबद्ध रकाने जोडायचे असतील तर दुसऱ्याला स्वतः एका आकड्यानं गुणायचं आणि अक्षाला तोच भागाकार सांगायचा. लबाडी करता येतेच, फक्त तो आकडा आता कोडमध्ये लिहावा लागतो. मला ही तडजोड मूळ बंदीपेक्षा शहाणपणाची वाटते. बंदीच्या काळात लिहिलेले आडमार्ग मात्र अजून शोधात वर येतात आणि नवशिक्याची संध्याकाळ खातात.

रंगांचंही तसंच. आर ४.० नं एप्रिल २०२० मध्ये मूळ रंगसंच बदलला. जुन्या संचातला पिवळा पांढऱ्यावर दिसत नसे, लाल-हिरवा काहींना ओळखू येत नसे. जुन्या टिपणांतली चित्रं आणि आपल्या पडद्यावरची चित्रं जुळत नाहीत, ती यामुळे.

मराठी लेबलांचा प्रश्न सर्वांत उशिरा सुटला. पीडीएफ काढणारं मूळ साधन देवनागरी अक्षरांच्या जागी ठिपके छापतं. इतर काही ठिकाणी अक्षरं उमटत, पण ‘जिल्हा’ची वेलांटी भलतीकडे आणि ‘रत्नागिरी’तलं जोडाक्षर सुटं. २०२०-२१ च्या सुमारास अक्षरं आधी नीट जुळवून मग उमटवणारी पॅकेजेस आली, तीही प्रामुख्यानं त्याच डॅनिश माणसाच्या हातची. ती बसवलेली असली आणि संगणकावर देवनागरी फॉन्ट असला की पीएनजीत मराठी मथळे नीट येतात. पीडीएफचं जुनं साधन अजून ठिपक्यांवरच आहे.