अन्ननलिकेचा कॅन्सर : पेशींचे सिग्नल आणि रोगाचा फैलाव

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंतची साधारण २५ सेंटिमीटरची नळी. तिच्या अस्तरातला कॅन्सर भारतात बहुतेक वेळा स्क्वेमस प्रकारचा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा असतो, आणि त्यामागं तंबाखू, विडी, दारू ही मोठी कारणं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तर तंबाखू हे नगदी पीकच, विडी वळून कित्येक घरं चाललीत, त्यामुळं तळहातावर चुना लावून तंबाखू मळताना कुणाला काही वाटतच नाही.

तंबाखूतल्या विषारी द्रव्यांनी पेशीतला डीएनए बिघडतो, टीपी५३ हा राखणदार जीन बहुतेक स्क्वेमस गाठींत निकामी झालेला सापडतो. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रोटीन असतं, वाढीचा निरोप आला की तो रास-राफ-मेक-एर्क अशा प्रोटीनांच्या साखळीतनं आत केंद्रकापर्यंत पोचवतो, पेशी विभागते आणि काम झालं की सिग्नल बंद होतो. कॅन्सरमध्ये हा रिसेप्टर बऱ्याचदा जास्त प्रमाणात तयार होतो नि सिग्नल बंदच होत नाही. शेजारची पीआय३के-एकेटी साखळी पेशीला मरू देत नाही.

पण नुसती वाढ म्हणजे फैलाव नव्हे, खरा घात पुढं आहे. टीजीएफ-बीटा हा सिग्नल सुरुवातीला पेशींची वाढ रोखतो, रोग वाढल्यावर तोच उलटतो आणि स्नेल, झेब हे प्रोटीन जागे करतो, ते ई-कॅडहेरिन कमी करतात, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटपणाच जातो, पेशी सुट्या होऊन सरकायला लागतात आणि एमएमपी या प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमनं खालचा पडदा विरघळवत आत घुसतात. व्हीईजीएफ-सी हा सिग्नल नव्या लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, फुटायला लावतो. अन्ननलिकेत या वाहिन्यांचं जाळं अस्तराच्या अगदी लगत असतं, आणि बाहेरून आतड्यासारखं सेरोसा नावाचं पातळ आवरण नसतं, म्हणून गाठ लहान असतानाच मान, छाती, पोटातल्या लसिकाग्रंथींत रोग गेलेला असू शकतो, पुढं यकृत नि फुप्फुसात.

लक्षण मात्र उशिरा दिसतं. आमच्या नात्यातले एक काका भाकरी आमटीत पार कुस्करून खायचे, तरी घास छातीत अडायचा, वर पाणी प्यायचे, घरचे म्हणायचे पित्त झालंय, त्यात महिने गेले. नळी लवचिक असते, बरीच अरुंद झाल्यावरच घास अडतो, त्यामुळं असं अडायला लागलं की लगेच दुर्बिणीतून तपासणी करून बायोप्सी, म्हणजे तपासायला छोटा तुकडा, घ्यायला पाहिजे.

हे सिग्नल औषधानं तोडायचे प्रयत्न चालूच आहेत. ईजीएफआर अडवणाऱ्या गेफिटिनिब या औषधाची ब्रिटनमधली मोठी ट्रायल २०१४ ला प्रसिद्ध झाली, केमोनंतर रोग वाढलेल्या पेशंटांचं आयुष्य सरासरीनं त्यानं वाढलं नाही, मोजक्या काहींना तेवढा फायदा झाला. एक वाट अडवली तर पेशी दुसरी वाट धरू शकते. जठराजवळच्या अडेनो, म्हणजे ग्रंथीपेशींच्या प्रकारात ईजीएफआरच्याच कुळातला एचईआर२ रिसेप्टर जास्त असेल तर त्याला अडवणारं ट्रास्टुझुमॅब देतात, त्यामुळं आधी गाठीचा तुकडा तपासून कुठला सिग्नल चालू आहे ते बघावं लागतं.