निवडक व भेददर्शक संवर्धन माध्यमे

आतड्यातील जिवाणू वेगळे काढून ओळखण्यासाठी वापरली जाणारी, ‘अगर’ (समुद्री शेवाळापासून मिळणारा, घट्टपणा देणारा पदार्थ) घालून घट्ट केलेली पोषक द्रव्ये. एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी जिवाणू असतात. साध्या अगरवर ते सगळेच उगवतात आणि रोगजंतू त्या गर्दीत दडून जातो. निवडक माध्यम नको असलेल्यांची वाढ रोखते. भेददर्शक माध्यम उगवलेल्यांतला फरक रंगाने दाखवते. नेहमीच्या वापरातली बहुतेक माध्यमे ही दोन्ही कामे एकाच प्लेटवर करतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मॅकॉन्की यांनी तयार केलेले माध्यम आजही सर्वांत जास्त वापरात आहे. त्यातील पित्तक्षार व क्रिस्टल व्हायोलेट हा रंग ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम रंगचाचणीत जांभळे दिसणाऱ्या) जिवाणूंना रोखतात. लॅक्टोज ही साखर आंबवणाऱ्या जिवाणूंमुळे आम्ल तयार होते आणि न्यूट्रल रेड या दर्शक रंगामुळे वसाहत (जिवाणूंचा डोळ्यांना दिसणारा पुंजका) गुलाबी होते. ई. कोलाय गडद गुलाबी दिसतो, क्लेब्सिएला गुलाबी आणि शेंबडासारखा चिकट. साल्मोनेला व शिगेला हे रोगजंतू रंगहीन राहतात. प्रोटियसही रंगहीनच असतो, त्यामुळे रंगहीन वसाहत दिसली की लगेच ‘साल्मोनेला’ लिहून मोकळे होणे ही चूक आहे. शिगेला सोनेई लॅक्टोज सावकाश आंबवतो, म्हणून जास्त दिवस ठेवलेल्या प्लेटवर तोही गुलाबी होऊ शकतो. वाचन १८ ते २४ तासांतच करावे.

एक्सएलडी (झायलोज-लायसिन-डिऑक्सीकोलेट) अगरची करामत समजून घेण्यासारखी आहे. साल्मोनेला त्यातील झायलोज ही साखर आंबवतो, तेव्हा माध्यम आधी आम्लधर्मी, म्हणजे पिवळे होते. ती थोडीशी साखर संपली की तो लायसिन या अमिनो आम्लाचे विघटन करतो आणि माध्यम पुन्हा अल्कधर्मी, म्हणजे लाल होते. थायोसल्फेटपासून तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड लोहाशी संयोग पावून वसाहतीच्या मध्यभागी काळा ठिपका उमटवतो. शिगेला झायलोज आंबवतच नाही, म्हणून तो लाल असतो पण ठिपक्याविना. ई. कोलाय भरपूर लॅक्टोज व सुक्रोज आंबवून पिवळा पडतो. विषमज्वराच्या साल्मोनेला टायफीचा काळा ठिपका मात्र अगदी फिका असतो, कधी दिसतही नाही.

पटकीच्या (कॉलरा) जंतूसाठी टीसीबीएस (थायोसल्फेट-सायट्रेट-पित्तक्षार-सुक्रोज) अगर वापरतात. त्याचा सामू (पीएच) ८.६ असतो, इतक्या अल्कधर्मी माध्यमात आतड्यातले इतर बहुतेक जिवाणू मागे पडतात. पटकीचा जंतू व्हिब्रिओ कॉलरी सुक्रोज आंबवून २ ते ३ मिमी व्यासाच्या चपट्या पिवळ्या वसाहती देतो. नमुना आधी अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात ६ ते ८ तास वाढवला तर थोडे जंतूही हाती लागतात. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास इतर जिवाणू पुढे जातात.

माध्यम बनवताना पाणी ऊर्ध्वपातितच हवे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्यात इतके क्षार असतात की ते वापरल्यास मिठाचे प्रमाण व सामू दोन्ही बिघडतात. मॅकॉन्कीची भुकटी नेहमीच्या सूत्रात लिटरला सुमारे ५० ग्रॅम लागते. नेमका आकडा डब्यावरून घ्यावा. उकळून पूर्ण विरघळवून १२१ अंश सेल्सियसला १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करतात (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करतात) आणि ४५ ते ५० अंशांपर्यंत निवल्यावर ९० मिमीच्या प्लेटमध्ये १५ ते २० मिली ओततात. एक्सएलडी व टीसीबीएस ऑटोक्लेव्ह करू नयेत, फक्त उकळी आणावी. एक्सएलडी जास्त तापले तर गढूळ होऊन साका बसतो. पावसाळ्यात डब्याचे झाकण उघडे राहिले की भुकटीला पाणी सुटून ढेप होते. ती फेकून द्यावी. प्लेटवर दव साचले असेल तर वसाहती एकमेकींत वाहतात, म्हणून पृष्ठभाग सुकवूनच त्यावर नमुना रेघांनी ओढून पसरावा.

विदर्भाच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. साध्या इन्क्यूबेटरला (प्लेट ठराविक तापमानात उबवणाऱ्या पेटीला) तापवता येते, थंड करता येत नाही. मे महिन्यात खोलीच ४२-४३ अंशांवर गेली तर आतले तापमान ३७ अंशांवर राहूच शकत नाही. आत तापमापी ठेवून सकाळ-दुपार नोंद करावी. शक्य असेल तर थंड करण्याची सोय असलेला इन्क्यूबेटर वापरावा.

प्लेट कितीही चांगली असली तरी नमुना मेलेला असेल तर उपयोग नाही. मेळघाटात जुलै २०२२ मध्ये विहिरीच्या दूषित पाण्यातून पटकीची साथ पसरली होती. अशा दुर्गम गावांतून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला तास न् तास जातात. म्हणून प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधीच शौचाचा नमुना घ्यावा, हगवणीत आव-रक्ताचा भाग निवडावा, आणि दोन तासांत पोहोचणार नसेल तर कॅरी-ब्लेअर या वाहतुकीच्या माध्यमात स्वॅब (नमुना घेतलेला कापसाचा बोळा) बुडवून पाठवावा. शिगेला फार नाजूक आहे, त्यासाठी नमुना थंड ठेवावा लागतो. लसींची पेटी यासाठी वापरू नये. वेगळी पेटी ठेवावी.

माध्यमावरची वसाहत फक्त संशय दाखवते. टीसीबीएसवरून थेट ऑक्सिडेज (जिवाणूतील एक विकर) चाचणी केली तर फसवा निकाल येतो. त्यामुळे वसाहत आधी न्यूट्रियंट अगरवर (साध्या पोषक अगरवर) उतरवून घ्यावी आणि मगच ऑक्सिडेज व ओ१ (पटकीच्या जंतूचा एक गट) प्रतिरक्तद्रवाची चाचणी करावी.