फेरीबोटीवरचा बीटा

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्यांमधून वाट काढत अण्णा कठड्यापाशी आले आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ. बीटा ०.६. म्हणजे बाजार दहा टक्के पडला तर हा सहाच टक्के पडणार. मग घाबरायचं कशाला?"

अण्णा आमच्या वाडीतले, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे शेअर तीनच कंपन्यांचे, आणि तिन्ही ऊर्जेतल्या. एक वीज वाहून नेणारी, एक कच्चं तेल काढणारी, एक पेट्रोल-डिझेल विकणारी. "विजेवाचून नि तेलावाचून कुणाचं चाललंय?" हा त्यांचा साधा हिशेब. ०.६ होता तो तेल काढणाऱ्या कंपनीचा.

बीटा समजावताना मला भरतीचं उदाहरण बरं पडतं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्रसूर्य सगळ्या किनाऱ्याला ओढतात, पण पाणी सगळीकडे सारखं चढत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे उधाणाची भरती आणि ओहोटी यांत जेमतेम दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. मुंबईत तो साडेचार-पाच मीटरवर जातो आणि भावनगरला दहाच्या आसपास. खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेल्याने तिथे पाणी दाटतं. मुंबईला एक धरलं, तर भावनगर दोन आणि मालवण अर्धा. हाच त्या त्या जागेचा बीटा म्हणा ना. ओढ एकच, प्रतिसाद वेगळा. शेअर बाजारात ओढ म्हणजे सेन्सेक्स किंवा निफ्टी, आणि त्या ओढीला एखादा शेअर सरासरी किती हलतो, तो आकडा म्हणजे बीटा.

उपमा इथपर्यंतच. भरतीचं कोष्टक वर्षभर आधी छापता येतं, बाजाराचं येत नाही. शिवाय भरतीच्या कोष्टकात वादळ नसतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, त्या दिवशी कोष्टकातली भरतीची वेळ चुकली नव्हती. माडांच्या आणि पोफळीच्या बागा आडव्या झाल्या त्या दुसऱ्याच कारणाने.

अण्णांची गडबड नेमकी इथे होत होती. ते भरतीच्या आकड्यावरून वादळाचा अंदाज करत होते.

कागदावर पाच आठवडे मांडून बघू. आकडे सोयीसाठी माझेच. बाजार पहिल्या आठवड्यात २ टक्के वर, मग १ खाली, १ वर, २ खाली आणि शेवटी शून्य. सरासरी शून्य. आता दोन शेअर घ्या. पहिला वीज वाहून नेणाऱ्या कंपनीचा: १.२ वर, ०.६ खाली, ०.६ वर, १.२ खाली, शून्य. दुसरा तेल काढणाऱ्या कंपनीचा: ३ वर, ४ वर, २ खाली, ३ खाली, २ खाली. त्याचीही सरासरी शून्यच.

पुस्तकात सहप्रचरण, प्रचरण असे दात मोडणारे शब्द येतात, पण गणित शाळेतलं आहे. दर आठवड्याला बाजाराचा आकडा गुणिले शेअरचा आकडा, आणि सगळ्यांची बेरीज. तेलाच्या शेअरसाठी ६ वजा ४ वजा २ अधिक ६ अधिक शून्य, म्हणजे ६. मग बाजाराच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज: ४, १, १, ४, शून्य, म्हणजे १०. सहा भागिले दहा, बीटा ०.६. वीजवाल्या शेअरचं गणित केलंत तर तिथेही ०.६ च येतो.

आता दोघांची स्वतःची उलघाल बघा. वीजवाल्याच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज ३.६, तेलवाल्याची ४२. वीजवाला बाजाराच्या सावलीसारखा चालतो, त्याचा प्रत्येक हेलकावा बाजाराकडूनच आलेला. तेलवाला बाजाराच्या दुपटीहून थोडा जास्त हेलकावतो, पण त्या ४२ पैकी बाजाराच्या खात्यावर फक्त ३.६ जातात (बीटा तोच, म्हणून वीजवाल्याइतकेच), म्हणजे नऊ टक्केही नाहीत. उरलेले हेलकावे त्याचे स्वतःचे. त्यांची दिशा बाजाराशी जुळत नाही, म्हणून बीटा लहान दिसतो. या नऊ टक्क्यांच्या हिश्शाला आर-स्क्वेअर म्हणतात आणि माझ्या मते बीटा छापणाऱ्याने तो शेजारी छापायलाच हवा. बहुतेक ठिकाणी छापत नाहीत.

ऊर्जा कंपन्यांत ही फसगत जास्त होते, कारण त्यांचा पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांखाली चालणाऱ्या औष्णिक प्रकल्पाला भागभांडवलावर १५.५ टक्के परतावा दरातच धरून दिला जातो, आणि संच ठरावीक प्रमाणात उपलब्ध ठेवला की स्थिर आकार वसूल होतो. मग गिऱ्हाईक कमी वीज वापरो की जास्त. अशा धंद्याची बाजाराशी नाळ सैलच असणार. जयगडचा १२०० मेगावॉटचा प्रकल्प कोळशावर चालतो. बोटीने बाहेरून येणारा कोळसा जाळायचा म्हटला की त्याचा भाव आणि डॉलर दोन्ही हिशेबात येतात, आणि तो भार गिऱ्हाइकावर टाकता येतो की नाही हे करारावर ठरतं.

कच्च्या तेलाचं तर आणखीच वेगळं. जगभर कारखाने जोरात चालले म्हणून तेल महागलं तर शेअर बाजारही बहुधा तेजीत असतो. दोघं बरोबर चढतात आणि तेल काढणाऱ्याचा बीटा वाढतो. पण २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे तेल भडकलं तेव्हा तसं नव्हतं. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, त्यामुळे असं महागलेलं तेल आपल्या बाजाराला खाली ओढतं आणि तेल काढणाऱ्याला वर. म्हणजे बीटा कमी, क्वचित उणेसुद्धा. तेल तेच, भाववाढ तीच, कारण बदललं की बीटा बदलला. पेट्रोल विकणाऱ्या कंपनीचं याच्या उलट. कच्चं तेल चढलं आणि पंपावरचा दर बांधलेला राहिला, तर नफ्याला कात्री.

यात कर्ज नावाची पहार असते. वीजप्रकल्प उभारताना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल हे प्रमाण नियामकानेच प्रमाण मानलेलं आहे. समजा धंद्याचा स्वतःचा बीटा ०.५ आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट हमादा यांच्या सूत्राने, कर २५ टक्के धरून, ७०:३० च्या कर्जाने तो जवळजवळ १.४ होतो. विजेचा धंदा शांत, पण भागधारकाच्या वाट्याला येणारा झोका मोठा, कारण व्याज आधी आणि भागधारक नंतर.

आणि मग वादळं. १ जुलै २०२२ रोजी सरकारने देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये जादा कर लावला. त्या दिवशी सेन्सेक्स ०.२ टक्के उतरला होता, तेल काढणाऱ्या ओएनजीसीचा शेअर सुमारे १३ टक्के. कुठल्याही बीटाने तो १३ चा आकडा आला नसता.

फेरी अर्ध्यावर आली की उजवीकडे खाडीचं मुख लागतं. त्या अंगाला, डोंगरापलीकडे, अंजनवेलचा वीजप्रकल्प. कागदोपत्री तो २००५ पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवर आहे, आमच्याकडे अजूनही 'एन्रॉन'च, तो उभारणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या नावाने. १९९३ मध्ये करार झाला, १९९५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला, मग नव्याने बोलणी होऊन १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. विजेचा दर डॉलरशी बांधलेला, इंधन महागलेलं, रुपया घसरलेला. वीज मंडळाला ते बिल झेपेना आणि २००१ मध्ये संच बंद पडले. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली, ती हिशेबातल्या लबाडीमुळे. ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरच्या आसपास असलेला शेअर तोवर एका डॉलरच्याही खाली गेला होता. इकडचं कारण वेगळं, तिकडचं वेगळं. दोन्ही ठिकाणी बाजाराची ओहोटी हे मुख्य कारण नव्हतं.

मग विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये बीटाला एवढं महत्त्व का दिलं? १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवताना या कामाचा मोठा वाटा होता, म्हणजे माणूस काही भोळा नव्हता. त्यांचं उत्तर आपल्या वाडीत उभं आहे. वाडीत माड असतो, पोफळी असतात, पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला, कडेला कोकम, वर डोंगरात काजू आणि हापूस. अवकाळीने मोहर गळला तरी त्या वर्षी नारळ घर चालवतो. अशा पसरलेल्या बागायतीत एकेका झाडाचं दुखणं एकूण हिशेबात विरून जातं. विरत नाही तो फक्त सगळ्यांना एकदम बसणारा फटका. शार्प म्हणाले, जी जोखीम पसरून घालवता येते तिच्यासाठी बाजार जादा परतावा देत नाही. न विरणाऱ्या भागासाठी देतो, आणि त्याचं माप बीटा. पुढे १९९२ मध्ये फामा आणि फ्रेंच या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासून दाखवलं की मोठ्या बीटाच्या शेअरना जास्त परतावा मिळतो हे नातं प्रत्यक्षात फारच पुसट आहे. तो वाद बाजूला ठेवू. मुद्दा हा की बीटा पसरलेल्या वाडीसाठी आहे, आणि अण्णांची वाडी तीन झाडांची, तीही एकाच जातकुळीतली.

मी हे सगळं बोटीवर एवढं सरळ सांगितलं नाही, अर्थात. इंजिनाच्या आवाजात अर्धं तर मलाच ऐकू येत नव्हतं. अण्णांनी मधेच दुसरं ॲप उघडलं. तिथे त्याच कंपनीचा बीटा ०.९. "यातला खरा कुठला?"

दोन्ही. एकाने दोन वर्षांचे आठवडे घेतले असतील, दुसऱ्याने पाच वर्षांचे महिने. एकाने निफ्टी, दुसऱ्याने सेन्सेक्स. शिवाय हा आकडा मोजताना चूक राहतेच. बाजार महिन्याला ५ टक्के हलतो आणि शेअरची स्वतःची उलघाल ८ टक्के आहे असं धरलं, तर साठ महिन्यांच्या आकड्यांतून काढलेल्या बीटात साधारण ०.२ ची प्रमाण त्रुटी येते. तिच्या दुप्पट इकडेतिकडे धरायची रीत आहे, म्हणजे ०.६ लिहिलेलं असलं तरी खरा आकडा ०.२ ते १ मध्ये कुठेही असू शकतो. दशांशानंतर दोन-दोन अंक छापणाऱ्या ॲपांची मला गंमत वाटते.

"मग बघायचं काय?" अण्णा.

मी म्हटलं, मुलाच्या लॅपटॉपवर एक्सेल असेल. शेअरचे आणि निफ्टीचे आठवड्याचे भाव दोन रकान्यांत टाका, शेजारी टक्क्यांतला बदल काढा. 'स्लोप' लिहिलं की बीटा येतो, 'आरएसक्यू' लिहिलं की त्यातला किती टक्के हेलकावा बाजाराचा ते येतं. आणि तिन्ही शेअरचं एकत्रही करून बघा, सुटं सुटं नको.

अण्णांनी खिशातून फेरीचं तिकीट काढलं, मागे 'आरएसक्यू' लिहिलं, आणि पुन्हा विचारलं, "शेवटचा क्यू ना?" तोवर धोपाव्याचा धक्का आला होता आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.