सेनेगलचे राष्ट्रीय अभिलेखागार

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलचे शासकीय दप्तर जतन करणारी डाकार येथील संस्था. फ्रेंच पश्चिम आफ्रिका या वसाहतसंघाचे मध्यवर्ती दप्तरही तिच्याच ताब्यात आहे. त्यामुळे माली, नायजर, बेनिन आदी देशांच्या अभ्यासकांनाही डाकार गाठावे लागते.

स्थापनावर्ष सामान्यतः १९१३ मानतात. त्या वर्षी १ जुलै रोजी गव्हर्नर-जनरल विल्यम पाँती याच्या आदेशाने अभिलेखसेवेची रीतसर घडी बसली. कागद मात्र त्याहून जुने आहेत. वसाहतसंघ १८९५ मध्ये स्थापन झाला आणि सेनेगल वसाहतीचा पत्रव्यवहार तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे जातो. म्हणून आरंभ १८९५ पासून धरण्याकडेही कल दिसतो. परंतु कचेरीत कागद साठणे म्हणजे अभिलेखागार नव्हे, हे लक्षात घेता १९१३ अधिक ग्राह्य वाटते. क्लोद फोर हा तेथील सुरुवातीचा प्रशिक्षित अभिलेखपाल.

दप्तराची विभागणी अक्षरवार मालिकांत आहे : ‘जी’ राजकारण व प्रशासन, ‘एच’ आरोग्य, ‘जे’ शिक्षण, ‘के’ गुलामगिरी व श्रम. ‘के’ मालिकेत १९०४ च्या सुमारास जिल्हा प्रशासकांकडून मागवलेले गुलामगिरीविषयक अहवाल आहेत. गुलामांच्या खरेदी-विक्रीला बंदी घालणारा डिसेंबर १९०५ चा हुकूम यानंतरचा. अहवाल लिहिणारे वसाहतीचेच नोकर होते, हे वाचताना विसरून चालत नाही.

वसाहतसंघ मोडल्यावर कागदांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिका या दुसऱ्या वसाहतसंघाच्या दप्तरातील ‘सार्वभौमत्वाचे’, म्हणजे फ्रेंच राजसत्तेच्या कारभाराचे, मानलेले कागद फ्रान्सला नेण्यात आले. डाकारचे दप्तर जागेवरच राहिले आणि फ्रान्सने त्याच्या मायक्रोफिल्म करून घेतल्या. १९९७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

अभिलेखांविषयीचे कायदे १९८१ व २००६ मध्ये झाले. संशोधकांना वाचनकक्षात कागद पाहता येतात.

सार्वजनिक वादातही अभिलेखांचा आधार घेतला जातो. डाकारजवळील तियारुआ येथे १ डिसेंबर १९४४ रोजी थकीत वेतन मागणाऱ्या आपल्याच आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच सैन्याने गोळीबार केला. या प्रकरणाचे फ्रान्समधील कागद राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांनी २०१४ मध्ये प्रतिरूपात सेनेगलच्या हवाली केले. तत्कालीन फ्रेंच अहवालांतील ३५ मृतांचा आकडा अनेक इतिहासकारांना मान्य नाही.