डॉक्युमेंटेशन कोडपासून दुरावलं कसं

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात आयटी पार्कजवळच्या एका खोलीत आम्ही सात-आठ जण दर रविवारी कूलर लावून बसतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रकल्पाचा सेटअप करत होती. कमांड दिली की तीच एरर. तीन तासांनी कळलं, सूचनांमध्ये लिहिलेली पायथन या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती कोडनं केव्हाच सोडली होती. तोवर तिनं बॅग भरायला घेतली होती. "मलाच जमत नाही," म्हणाली. ते मला फार लागलं.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल, म्हणजे माहितीपुस्तिका, ३ नोव्हेंबर १९७१ चं. कमांडच्या पानावर 'बग्ज' असा मथळा असे. त्याखाली माहीत असलेले दोष सरळ लिहिलेले. आणि 'ओनर', म्हणजे ही कमांड कुणाची, ते नाव. कोड लिहिणारेच मॅन्युअलही लिहीत होते.

प्रकल्प वाढले तशी ही दोन कामं वेगळी पडत गेली. पायथनचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची लेखी माहिती, कित्येक वर्षं लेटेक या मजकूर मांडायच्या किचकट चिन्हभाषेत होतं. एक वाक्य सुधारायचं तरी आधी लेटेक समजून घ्या. गेऑर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन बनवायचं साधन तयार केलं आणि २००८ मध्ये, पायथन २.६ च्या वेळी, ते सगळं साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये आलं. २०१६ पासून लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तेही स्फिंक्सकडे वळलं.

साधनं सोपी झाली, सवय मात्र तीच राहिली. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या २०१७ च्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुन्या डॉक्युमेंटेशनची तक्रार केली, आणि ६० टक्के योगदानकर्ते त्याला क्वचितच हात लावतात किंवा लावतच नाहीत, असंही त्यातच दिसलं. मला याचं कारण आळस वाटत नाही. जुन्या मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, मशीनवर सगळं आधीच बसवलेलं असतं, त्याला तुटलेली पायरी दिसणार कुठून? ती नव्या माणसालाच दिसते.

म्हणून त्या दिवशी तिला परत बसवलं. तिनं आवृत्तीचा आकडा बदलला, आलेली एरर जशीच्या तशी खाली लिहिली आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती, पाठवली. मेंटेनरचं उत्तर दोन दिवसांनी आलं: ही एरर कशामुळे येते, तेही एका ओळीत लिही, मग मर्ज करतो.