खुलासा: बालगंधर्व रंगमंदिरात बालगंधर्व कधी गायले?

‘आमच्या आजोबांनी बालगंधर्वांचं नाटक बालगंधर्वलाच पाहिलं,’ असं पुण्यात अगदी छातीठोकपणे सांगितलं जातं. ते शक्य नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 15 जुलै 1967 रोजी गेले. रंगमंदिराचा पडदा पहिल्यांदा उघडला तो 26 जून 1968 ला, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. बालगंधर्वांचा जन्म 26 जून 1888 चा, म्हणजे त्या दिवशी ते ऐंशी वर्षांचे झाले असते. जेमतेम वर्षभराने चुकामूक झाली, आणि ही गोष्ट मला आजही चटका लावते.

गैरसमजाला थोडा आधार मात्र आहे. 1962 साली या वास्तूचं भूमिपूजन झालं ते खुद्द बालगंधर्वांच्याच हातून. त्या जागी ते आले होते हे खरं, पण तेव्हा तिथे ना रंगमंच होता, ना विंगा. शिवाय आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, दुसरं स्त्रीभूमिकेतलं. ती पाहिली की माणूस इथेच वावरला असणार असं वाटतंच.

मग आजोबा खोटं बोलले का? मुळीच नाही. गंधर्व नाटक मंडळी 1913 मध्ये निघाली, आणि तिचे पुण्यातले प्रयोग शहरातल्या जुन्या थिएटरांत व्हायचे. आजोबांनी नाटक पाहिलं असेल ते तिथे. जुनी थिएटरं विस्मरणात गेली, आणि घरातल्या आठवणी जंगली महाराज रस्त्यावरच्या या एकाच नावाला येऊन चिकटल्या.