ई-नाम म्हणजे वायदा नव्हे

हंगाम आला की गावोगावच्या ग्रुपवर एक आकडा फिरायला लागतो. "ऑनलाइनला हळद चढली." दुसऱ्या दिवशी वसमतच्या, नाहीतर हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कट्टे उतरतात, बोली हजारभर रुपयांनी खाली लागते आणि आडत्याशी खडाजंगी होते. तो आकडा कुठल्या बाजारातला होता, हे मात्र कोणी विचारत नाही. मोबाइलवर दिसतं ते सगळं एकच, असं धरून चालणाऱ्यांत चांगले शिकलेलेही आहेत.

ई-नाम, म्हणजे बाजार समित्यांतला ऑनलाइन लिलाव, याबद्दल फार लिहीत नाही, कारण मोंढा तुम्ही माझ्याइतकाच पाहिलाय. 14 एप्रिल 2016 ला केंद्राने ही सोय सुरू केली. गेटवर नोंद, ढिगाला लॉट नंबर, नमुन्याची तपासणी आणि बोली तोंडाने न लावता कॉम्प्युटरवर. बाकी लिलाव तोच. माल तुमचा, आजचा, तिथेच पडलेला. भाव पटला तर द्यायचा, नाही पटला तर परत न्यायचा. परराज्यातला व्यापारीही बोली लावू शकतो म्हणतात. पण न पाहिलेल्या ढिगावर पैसे लावायचे तर तपासणीचा कागद भरवशाचा हवा, आणि आपल्याकडची तपासणी अजून दाणा दाताखाली फोडून होते.

गल्लत होते ती वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या करारात.

वायद्याच्या पडद्यावरचा भाव तुमच्या हळदीचा नसतो, कुठल्याच ढिगाचा नसतो. तो एका कराराचा भाव असतो. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारातला हळदीचा करार घ्या: 5 टन माल, ठरलेल्या प्रतीची कांडी, पोच तेलंगणातल्या निजामाबादला, मुदत त्या त्या महिन्याच्या 20 तारखेला. आता समजा मार्च चालू आहे आणि ग्रुपवर आलेला आकडा जूनच्या वायद्याचा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की जूनमध्ये, त्या प्रतीची, निजामाबादच्या गोदामात पोचलेली हळद आज लोक या भावाने बोलतायत. तुमची हळद मार्चमधली, वसमतची, आणि त्यात गट्टूही, म्हणजे गोल कंदही, मिसळलेला.

मधल्या तीन महिन्यांचं व्याज, गोदामाचं भाडं, गाडीभाडं, प्रतीची तूट हे सगळं त्या आकड्यातून वजा करून बघा. हजाराची तफावत बऱ्याचदा तिथेच सापडते, आडत्याच्या खिशात नाही. कधी उलटंही होतं. बाजारात मालच नसला तर जवळचा भाव वर आणि लांबच्या महिन्याचा खाली. म्हणून महिन्याचं नाव न लिहिता वायद्याचा भाव पुढे ढकलणाऱ्याला ग्रुपमधून काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुदत जवळ येईल तशी ही तफावत आटायला हवी, कारण शेवटी तिथे खराच माल देता येतो. व्याज आणि गोदामाचं भाडं तर तोवर संपलेलंच असतं. शेवटच्या आठवड्यातही, गाडीभाडं आणि प्रत धरून, फरक तेवढाच राहिला तर मात्र आडत्याला खुशाल जाब विचारा.

"मग मी थेट वायद्यातच विकतो" हा पुढचा उत्साह. जरा थांबा. वायद्यात हिशेब रोज संध्याकाळी होतो. तुम्ही 50 क्विंटलचा एक करार विकला आणि दिवसभरात भाव क्विंटलमागे 300 रुपयांनी चढला, तर 15 हजार रुपये त्याच दिवशी तुमच्या खात्यातून जातात. हळद अजून शिजून वाळत पडली असली तरी. पुढे ती महाग विकली जाऊन नुकसान भरून निघेल, हे खरं. पण तोवर रोज भरायला पैसा लागतो. शेतकरी कंपनीने, हिशेबाला माणूस ठेवून, हे जरूर करावं. पाच एकरवाल्याने एकट्याने या फंदात पडू नये.

सोयाबीनचं तर आणखी विचित्र. बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले आणि बंदीची मुदत पुढे पुढे वाढवत नेली. तरी "वायदेवाल्यांनी भाव पाडला" ही ओरड 2024 च्या हंगामातही लातुरात ऐकू येत होती! तेव्हा देशात सोयाबीनचा वायदा नव्हताच, आणि भाव 4,892 च्या हमीभावाखाली होता. जो आकडा फिरत होता तो अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदेबाजाराचा. तो सेंटमध्ये असतो आणि बुशेलला असतो. सोयाबीनचा बुशेल म्हणजे सुमारे 27.2 किलो. 1,000 सेंट म्हणजे 10 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तर क्विंटलला साधारण 3,120 रुपये पडतात. तो भाव आपल्याला लागू झाला तर रडायची पाळी येईल.

तरी शिकागोचा आपल्याशी संबंध नाही असं नाही. जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, सोयाबीनचा दाणा इथे येत नाही, पण तेल येतं, आणि सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा टक्के. बाकी बहुतेक पेंड. अर्जेंटिना-ब्राझीलची पेंड स्वस्त झाली की आपली निर्यात अडते. त्यात मक्याच्या इथेनॉलमधून उरलेला चोथा कोंबड्यांच्या खाद्यात शिरलाय, म्हणजे घरच्या गिऱ्हाइकालाही पर्याय मिळाला. लातूरचा भाव या वाटेने हलतो.

राहिला प्लांटचा, म्हणजे सोयाबीन गाळणाऱ्या कारखान्याचा भाव, तोही याच ग्रुपवर येतो. तो ना ई-नामचा ना वायद्याचा. कारखान्याच्या गेटवर पोच, ओलावा 10 टक्क्यांपर्यंत, माती आणि डागी दाणे मोजून. 14 टक्के ओलाव्याचा माल ट्रॅक्टरमध्ये घालून तोच आकडा मागायला गेलात, तर काट्यावर कटती लागणारच.